रूसोचे अश्रू आणि आतला लगाम

एका अभ्यासकाने मला तीन प्रश्न विचारले आहेत. अमेरिकन प्राध्यापक अर्व्हिंग बॅबिटसारख्या मानव्यवादी समीक्षकांना भावना आणि कल्पना यांचं वावडं होतं का? रोमँटिसिझमविरुद्धची, म्हणजे भावना आणि कल्पनेला सर्वांत वर मानणाऱ्या प्रवृत्तीविरुद्धची, त्यांची तक्रार कवितेच्या अभिरुचीपासून सुरू होऊन फ्रेंच क्रांतीतल्या गिलोटिनपर्यंत, त्या डोकी उडवणाऱ्या यंत्रापर्यंत, कशी जाऊन पोहोचते? आणि हे सगळं म्हणजे जुन्या व्यवस्थेची तरफदारी नव्हे का? साहित्यसमीक्षा शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मीही हेच आक्षेप वर्गात मांडत होते. म्हणून जरा तपशिलात जाऊन उत्तर देते.

आधी शब्दाची गाठ सोडवायला हवी. मराठीत ‘मानवतावाद’ म्हटलं की माणुसकी, कळवळा, दीनदुबळ्यांविषयी आस्था हे सगळं मनात येतं. बॅबिटचा आक्षेप नेमका याच गोष्टीला सर्वोच्च तत्त्व मानण्यावर होता. 1908 साली आलेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्याने दोन भूमिका वेगळ्या काढल्या. एकीत माणूस स्वतःला घडवतो, निवड करतो, प्रमाण सांभाळतो. दुसरीत तो अखिल मानवजातीविषयी सहानुभूती बाळगतो आणि तेवढ्यावर स्वतःला चांगला समजतो. पहिलीला मी इथे मानव्यवाद म्हणते, कारण ‘मानव्यविद्या’ हा शब्द आपल्याकडे रुळलेला आहे. दुसरीला मानवतावादच राहू द्या. मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद ही तिसरीच गोष्ट. बॅबिटच्या पंथालाही इंग्रजीत ‘न्यू ह्यूमनिझम’ म्हणतात, त्यामुळे विद्यार्थी हमखास गोंधळतात. गंमत अशी की रॉय यांनीही आयुष्याच्या अखेरीस विवेक, रोमँटिसिझम आणि क्रांती यांच्या संबंधावर दोन खंड लिहिले. पण त्यांना विवेक आणि रोमँटिसिझम यांचा मेळ घालायचा होता. बॅबिटला रोमँटिसिझमचा पाया तपासायचा होता.

हा पाया अठराव्या शतकातला विचारवंत रूसो याने घातला असं बॅबिट मानतो. 1749 मधला प्रसंग आहे. त्याचा मित्र, फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो, व्हँसेनच्या किल्ल्यात कैदेत होता आणि रूसो त्याला भेटायला पायी निघाला होता. वाटेत एका नियतकालिकात त्याने दिजोंच्या अकादमीने जाहीर केलेला स्पर्धेचा विषय वाचला: विद्या आणि कला यांच्या पुनरुज्जीवनाने नीती सुधारली का? तेरा वर्षांनी मालझेर्ब या फ्रेंच अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात रूसो सांगतो की तो विषय वाचताच डोक्यात प्रकाशाचा लोट आला, तो एका झाडाखाली बसला, आणि उठला तेव्हा अंगातलं जाकीट आसवांनी भिजलेलं होतं. आपण कधी रडलो हेही त्याला कळलं नव्हतं. त्या झाडाखाली त्याला दिसलं ते असं: माणूस स्वभावतः चांगला आहे, त्याला वाईट बनवतात त्या संस्था.

हे वाक्य आज आपल्याला इतकं ओळखीचं वाटतं की त्यात काय मोडलं गेलं ते लक्षात येत नाही. त्याआधीच्या जवळपास सगळ्या परंपरा, ग्रीक असोत, ख्रिस्ती असोत की बौद्ध, चांगल्या-वाईटाचा झगडा माणसाच्या मनात आहे असं धरून चालत होत्या. रात्रंदिन चालणारं ते युद्ध कोणाला चुकत नव्हतं. राजाला नाही आणि भिकाऱ्यालाही नाही. रूसोने वाईटाचा पत्ता बदलला. ते आता आत राहत नव्हतं, समाजात राहत होतं. दिदरोची ‘गुहेतलं यादवी युद्ध’ ही प्रतिमा बॅबिट वारंवार वापरतो. दिदरोच्या लेखी हे युद्ध वरून लादलेलं होतं: नैसर्गिक माणसाच्या आत एक कृत्रिम माणूस घुसवला गेला आणि कटकट सुरू झाली. बॅबिट म्हणतो, ते युद्ध खरं आहे, मूळचं आहे, आणि ते नाकारण्याची किंमत मोठी आहे. माझ्या मते त्याचं सगळं लेखन या एका मुद्द्याभोवती फिरतं. बाकीचा विस्तार बाजूला ठेवला तरी चालेल.

आता पहिला प्रश्न. भावनेचं वावडं? मुळीच नाही. कल्पनेचं तर त्याहून नाही. माणसांवर राज्य चालतं ते कल्पनेचं, हे नेपोलियनचं म्हणणं बॅबिट मान्य करून पुढे जातो. तर्काने कोणाची इच्छा वळत नाही, समोर कोणतं चित्र उभं आहे त्यावर ती वळते. म्हणून तो फक्त चित्राची प्रत तपासतो. एक कल्पनाशक्ती माणसाला स्वतःच्या मर्यादा, कृतीचे परिणाम आणि शेजारी उभा असलेला दुसरा माणूस दाखवते. ब्रिटिश राजकीय विचारवंत एडमंड बर्कच्या शब्दांत ती नैतिक कल्पनाशक्ती. दुसरी एक असं जग रचते जिथे इच्छेला कशाचीच अडकाठी नाही, आणि मग त्या जगाच्या मापाने हे जग मोजून त्याचा तिटकारा करायला शिकवते. तिला बॅबिट स्वप्नरम्य कल्पनाशक्ती म्हणतो.

वर्गात हा फरक मी एम्मा बोव्हारीवरून समजावते. फ्लोबेरची ही कादंबरी 1857 मध्ये पुस्तकरूपाने आली. मठातल्या शाळेत एम्मा चोरून प्रेमकथा वाचते. त्या कथांनी तिला काही खोटं शिकवलं असं म्हणणं उथळ होईल. त्यांनी तिच्या हाताशी असलेलं सगळं फिकं केलं: नवरा, मूल, गाव. शार्ल रटाळ आहे हे खरं, पण तो तिच्यावर जीव टाकतो हेही खरं, आणि हे दुसरं सत्य तिला दिसतच नाही. तिच्या स्वप्नात त्याला जागा नाही. मग लेरो नावाचा व्यापारी उधारीवर कापड आणि पडदे पुरवत राहतो, हुंड्या साठत जातात आणि शेवटी आर्सेनिक. एम्माला भावना कमी नव्हती, तिच्या भावनेला कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

जर्मन रोमँटिकांचं निळं फूल, अप्राप्याची ती ओढ, या सगळ्याकडे बॅबिट याच नजरेने पाहतो. त्यात मी इथे शिरत नाही, कारण तिथे त्याचं वाचन घाईचं आहे.

गिलोटिनचा प्रश्न अवघड आहे आणि तिथे जास्त वेळ द्यायला हवा. साखळी अशी जुळते. माणूस मुळात चांगला असेल, तर वाईट संस्था पाडल्यावर चांगुलपणा आपोआप वर यायला हवा. संस्था पाडल्या, चांगुलपणा आला नाही. आता दोनच वाटा उरतात. एक, मूळ गृहीतक चुकलं असं मान्य करायचं. दोन, कोणीतरी मुद्दाम आडवं येतं आहे असं समजायचं. ज्याने आपलं स्वप्न म्हणजेच सद्गुण असं धरलं आहे, त्याला पहिली वाट दिसत नाही. 5 फेब्रुवारी 1794 च्या भाषणात फ्रेंच क्रांतीचा नेता रोबेस्पिएर म्हणाला की क्रांतिकाळात लोकसत्तेचा आधार सद्गुण आणि दहशत हे दोन्ही आहेत, दहशतीविना सद्गुण दुबळा ठरतो. चार महिन्यांनी, 10 जूनला, प्रेरियालचा कायदा आला (हे क्रांतीच्या नव्या पंचांगातल्या एका महिन्याचं नाव). त्याने क्रांतिकारी न्यायालयापुढच्या आरोपीचा वकील काढून घेतला आणि शिक्षा एकच ठेवली, मृत्यू. पंचांच्या मनाची खात्री पटली की झालं. तो कायदा वाचताना मला दरवेळी व्हँसेनचं झाड आठवतं. अंतःकरणाची ग्वाही हाच पुरावा, हे दोन्हीकडे सारखंच आहे. झाडाखाली एक जाकीट भिजलं, न्यायालयात डोकी उडाली.

पण इथेच मी बॅबिटचा हात सोडते. फ्रान्सची तिजोरी रिकामी होती, पाव महागला होता, एप्रिल 1792 पासून युद्ध चालू होतं आणि शत्रू सीमेवर होता. रूसो एक ओळ न लिहिता मेला असता तरी रक्त सांडलं असतं. कल्पनेने क्रांती घडवली असं म्हणणं अतिशयोक्त आहे. कल्पनेने त्या हत्यांना निर्मळ चेहरा दिला, मारणाऱ्याला स्वतःविषयी शंका येऊ दिली नाही, एवढं म्हणता येतं. आणि एवढं पुरेसं भयंकर आहे.

बर्कने हा धागा फार लवकर पकडला होता. 1791 मध्ये, दहशतपर्वाच्या दोन वर्षं आधी, फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेच्या एका सदस्याला लिहिलेल्या जाहीर पत्रात त्याने रूसोच्या पाच मुलांचा विषय काढला. पाचही मुलं जन्मताच अनाथालयात दिली गेली, हे रूसोने स्वतःच लिहून ठेवलं आहे. बर्क म्हणतो, हा मनुष्यजातीवर प्रेम करणारा आणि स्वतःच्या रक्ताच्या माणसांचा तिरस्कार करणारा माणूस. ही वैयक्तिक निंदा आहे असं समजून मी पूर्वी तो भाग गाळत असे. तसं करणं चूक होतं. बर्कला एक तऱ्हा दाखवायची आहे: प्रेमाचा विषय जितका दूर, तितकी त्या प्रेमासाठी मोजावी लागणारी किंमत कमी. मानवजात रात्री उठून रडत नाही, तिला दूध लागत नाही. त्याच पत्रात बर्क लिहितो की माणसं आपल्या वासनांना जेवढ्या नैतिक बेड्या घालायला तयार असतात, तेवढीच ती नागरी स्वातंत्र्याला पात्र ठरतात. बॅबिटच्या राजकीय विचाराचं बीज या वाक्यात आहे. 1924 च्या लोकशाही आणि नेतृत्वावरच्या पुस्तकात त्याने ते पुढे नेलं. ज्याला स्वतःला आवरता येत नाही असा करुणामय नेता जगाला सुखी करायला निघाला की त्याची मोहीम हळूहळू साम्राज्याची मोहीम होते, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन याच्यावरची त्याची टीका याच सूत्रातून आलेली आहे.

मग ही जुन्या व्यवस्थेची तरफदारी आहे का? शंका रास्त आहे, कारण रोमँटिसिझमवर तुटून पडणाऱ्यांची संगत चांगली नव्हती. फ्रान्समध्ये लेखक शार्ल मोरासने तीच टीका राजेशाहीच्या पुनःस्थापनेसाठी वापरली. त्याने पुढे नाझी जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या व्हिशीच्या राजवटीला पाठिंबा दिला आणि 1945 मध्ये त्याला जन्मठेप झाली. जर्मनीत कायदेपंडित कार्ल श्मिटने 1919 मध्ये राजकीय रोमँटिसिझमवर अतिशय तीक्ष्ण पुस्तक लिहिलं. रोमँटिक माणूस जगाकडे केवळ आपल्या भावनेचं निमित्त म्हणून पाहतो, कोणताही निर्णय घेत नाही, असा त्याचा रोख. 1933 मध्ये तो नाझी पक्षात गेला. म्हणजे रोमँटिसिझमची दुखणी नीट ओळखणाराही त्याहून वाईट औषध घेऊ शकतो.

बॅबिट या दोघांपासून वेगळा पडतो तो लगाम कोणाच्या हाती आहे या मुद्द्यावर. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने जीवनाच्या ऊर्मीविषयी फ्रेंचमध्ये जो शब्द रूढ केला, त्याच्या जोडीला बॅबिटने जीवनाचा लगाम असा शब्द घडवला. ही आवर घालणारी शक्ती माणसाच्या स्वतःच्या इच्छेतच आहे असं तो सांगतो. राजा, चर्च, पक्ष किंवा पोलीस तिच्या जागी उभे करता येत नाहीत. उलट, आतला लगाम सुटला की बाहेरचा आवळला जातो. मोरास बाहेरचा लगाम मागतो. बॅबिटला त्याची भीती आहे.

हे त्याला कुठून सुचलं हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. पॅरिसमध्ये सिल्व्हाँ लेव्ही आणि हार्वर्डमध्ये चार्ल्स लॅनमन यांच्याकडे तो संस्कृत आणि पाली शिकला. धम्मपदाचं त्याने केलेलं इंग्रजी भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर, 1936 मध्ये प्रसिद्ध झालं. धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्पमादाचा आहे. अप्रमाद म्हणजे नुसती दक्षता नव्हे, मनाची ढिलाई होऊ न देणं. रोमँटिक वृत्तीचं त्याने केलेलं निदान प्रमाद हेच होतं. निसर्गाच्या कुशीत निवांत पडून राहण्याला अध्यात्म समजणं ही त्याच्या दृष्टीने आत्म्याची आळशी झोप होती. बुद्ध कोणत्याही बाहेरच्या अधिकाराचा आधार न घेता संयम सांगतो, म्हणून आधुनिक माणसाशी तो बोलू शकतो, असं बॅबिटला वाटे. त्याचे चिनी विद्यार्थी मेइ ग्वांगदी आणि वू मी यांनी 1922 मध्ये नानजिंगहून नियतकालिक काढलं आणि हाच विचार कन्फ्यूशियसशी जोडला.

त्याच्यावरचे गंभीर आक्षेप मात्र उजवीकडून-डावीकडून आलेल्या शिव्यांपेक्षा त्याच्या जवळच्या माणसांनी घेतले. कवी टी. एस. एलियट त्याचा विद्यार्थी. 1928 मध्ये त्याने विचारलं की हा आतला लगाम माणसाला अडवतो हे ठीक, पण कशाकडे नेतो? धर्माने हजारो वर्षं साठवलेल्या पुंजीवर मानव्यवाद जगतो आणि स्वतः मात्र काही कमावत नाही, असा त्याचा सूर. मला हा आक्षेप अर्धा पटतो. लगामाला दिशा लागते हे खरं, पण दिशा फक्त चर्चकडेच असते हे एलियटला सिद्ध करता आलेलं नाही.

विचारांचा इतिहास लिहिणाऱ्या आर्थर लव्हजॉयचा आक्षेप मला जास्त झोंबतो. रोमँटिसिझम असं एकवचनी काही नाहीच, त्या नावाखाली परस्परविरोधी गोष्टी कोंबल्या आहेत, असं त्याने 1920 च्या दशकात दाखवून दिलं. रूसोला आदिम अवस्थेकडे परतायचं होतं हीही दंतकथा आहे हे त्याने मूळ संहितेवरून सांगितलं. आणि खुद्द रूसोचं 1762 चं सामाजिक करारावरचं पुस्तक उघडलं की बॅबिटची पंचाईत होते. सामूहिक इच्छेला नकार देणाऱ्याला स्वतंत्र होण्यास भाग पाडलं जाईल, हे भयावह वाक्य तिथे आहे. पण पुढच्याच प्रकरणात हेही आहे की नुसत्या वासनेच्या मागे जाणं ही गुलामी आणि स्वतः स्वतःला घालून दिलेला नियम पाळणं हे स्वातंत्र्य. आतल्या लगामाची याहून चांगली व्याख्या बॅबिटनेही केलेली नाही. जर्मन तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासीररने 1932 मध्ये याच वाक्यावर आपला रूसो उभा केला. माझ्या मते दोन्ही वाक्यं रूसोचीच आहेत आणि त्याला ती एकमेकांविरुद्ध वाटली नाहीत, हीच त्याची अडचण.

आणखी एक उणीव आहे आणि ती स्वभावाची आहे. मानव्यवादी समीक्षक रोग नेहमी दुसऱ्याच्या घरात शोधतात. जर्मन कादंबरीकार थॉमस मानने तसं केलं नाही. मे 1945 मध्ये, जर्मनी शरण गेल्यावर काही आठवड्यांत, वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात बोलताना त्याने सांगितलं की चांगला आणि वाईट असे दोन जर्मनी नाहीत. एकच आहे, ज्याचं उत्तम तेच सैतानी युक्तीने वाईट झालं. रोमँटिक अंतर्मुखतेचा हा हिशेब मांडताना त्याने स्वतःला बाहेर ठेवलं नाही. हे सगळं माझ्याही आत आहे, मी ते जगलो आहे, असं तो म्हणाला. बॅबिटच्या लेखनात हा स्वर मला सापडत नाही, आणि तो नसल्यामुळे त्याचं बरोबर म्हणणंही कधी कधी वेताच्या छडीसारखं लागतं.

तुम्ही या विषयात शिरणार असाल तर बॅबिटपासून सुरुवात करू नका. आधी मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ वाचा, 1818 चं. त्यातला राक्षस म्हणतो की मी दयाळू आणि चांगला होतो, दुःखाने मला सैतान बनवलं. हे अक्षरशः रूसोचं सूत्र आहे, आणि ते एका खुन्याच्या तोंडी आहे. तो खोटं बोलत नाही, कारण त्याच्या निर्मात्याने त्याला जन्मताच टाकून दिलं आहे. त्याच वेळी त्याने एका लहान मुलाचा गळा घोटला आहे हेही पुसलं जात नाही. दोन्ही सत्यं एकाच वेळी धरून ठेवण्याची ताकद त्या कादंबरीत आहे, आणि ती लिहायला सुरुवात केली तेव्हा लेखिका अवघी 18 वर्षांची होती. पुढे तिने फ्रेंच लेखकांच्या चरित्रमालेत रूसोवर लिहिलं तेव्हा त्या पाच मुलांवरून त्याला स्पष्ट दोष दिला. रोमँटिकांच्या अगदी आतल्या वर्तुळातल्या बाईने.

नंतर वर्ड्‌स्वर्थचं कर्तव्यावरचं स्तोत्र वाचा. मोकाट स्वातंत्र्याचा मला थकवा येतो असं तो तिथे कबूल करतो. आणि मग कीट्सचं ‘द फॉल ऑफ हायपेरिअन’. त्यात कवी एका जुन्या देवळाच्या पायऱ्या मरणाच्या थंडीत कशाबशा चढतो, आणि वर उभी असलेली मोनेटा ही देवता त्याला विचारते की तू कवी आहेस की नुसता स्वप्नाळू? दोघे एकमेकांच्या अगदी उलट, ती सांगते: एक जगाच्या जखमेवर मलम ओततो, दुसरा ती चिघळवतो. कीट्स स्वतःच्या बाजूने निकाल देत नाही. आपलं स्वप्न कवीचं होतं की माथेफिरूचं हे हा लिहिणारा उबदार हात थडग्यात गेल्यावर कळेल, असं त्याने आरंभीच म्हणून ठेवलं आहे. 1819 मध्ये त्याने ती कविता अर्धवट सोडली. फेब्रुवारी 1821 मध्ये तो रोममध्ये वारला, वयाच्या 25व्या वर्षी.